लोहाऱ्यातली ओली भिंत

माझे वडील कापसाचे ग्रेडर होते. बाजारात आलेल्या गाडीतल्या कापसात हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, दाबायचा, धागा ओढून बघायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यातही त्यांचं नाव होतं ते ओल ओळखण्यासाठी. खरेदी केंद्रावर ओल मोजायचं यंत्र होतं, पण बाबा आधी हाताने अंदाज सांगायचे आणि मग यंत्र लावायचे. यंत्राचं आणि त्यांचं सहसा जमायचं.

मग कापसाचे वाईट दिवस आले. सरकारी खरेदी आटत गेली, केंद्रं एकेक करून बंद होत गेली, आणि नेरच्या केंद्रावरून बाबा मुदतीआधीच निवृत्त होऊन यवतमाळला घरी आले. आमच्या घरात आजोबा-पणजोबांपासून नोकरीच. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी टपालात. धडधाकट माणूस दिवसभर घरी, असं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, आणि घरी कसं बसायचं हे बाबांनाही माहीत नव्हतं. ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा आणि चपला घालून अंगणातल्या खुर्चीवर बसायचे. दुपारी जेवायला उठायचे. संध्याकाळी आई म्हणायची, "आता सदरा काढा, सुरकुत्या पडतील." मग काढायचे.

मी तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आमच्याकडे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचे जुने नमुने होते आणि दर पावसाळ्यात त्यांना बुरशी लागायची. ते नमुने वाचवता वाचवता मला बुरशीचीच गोडी लागली. बटाट्याचं पाणी, साखर आणि अगर नावाची थिजवणारी पूड एकत्र शिजवून काचेच्या बशीत ओतायचं. थिजलं की बशी थोडा वेळ हवेत उघडी ठेवायची आणि झाकून चार-पाच दिवस वाट बघायची. हवेत तरंगणारे बुरशीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण बशीत पडले की त्यांचे ठिपके उगवतात. हिरवे, काळे, कापसासारखे पांढरे. कोणत्या खोलीच्या हवेत काय आहे ते बशी सांगते. मी हौसेने स्टाफरूममध्ये, ग्रंथालयात, प्राचार्यांच्या खोलीतही बशा ठेवून पाहिल्या होत्या. प्राचार्यांच्या खोलीतली बशी सगळ्यांत भरगच्च निघाली, ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

त्या बशांची गोष्ट ऐकूनच एक निवृत्त मुख्याध्यापक मला शोधत कॉलेजात आले. दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. पांढरं धोतर, वर कोट, हातात छत्री. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, म्हणून मीही गुरुजीच म्हणू लागले. ते घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यातले. तांड्यातून शिकून वर आलेले पहिले काही जण होते, त्यांतले हे एक. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून त्यांनी लोहाऱ्यात, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला, स्लॅबचं घर बांधलं होतं आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या आईला तिथे आणलं होतं.

"बाई, माझी आई त्या घरात राहायला तयार नाही," ते म्हणाले. "खोकते. रात्री खाट ओढून ओट्यावर नेते. म्हणते, खोलीला वास येतो. मला तर वाटतं, तिला तांडा आठवतो आणि वासाचं निमित्त करते. माझी पत्नी म्हणते, वास आईच्या जुन्या ट्रंकेचाच आहे. घरात रोज यावरून बोलणं होतं. तुमच्या बशीत काय ते स्पष्ट होईल?"

मी म्हटलं, होईल. इतक्या खात्रीने म्हणायला नको होतं, पण मला तोवर कोणी घरी तपासायला बोलावलंच नव्हतं.

रविवारी निघताना आईने बाबांना खुर्चीवरून उठवलं. "जा तिच्यासोबत. नाहीतर पायांना मुळं फुटतील." बाबा सदरा घालून तयारच होते. माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर बशांचा डबा धरून ते लोहाऱ्याला आले. वाटेत एकच वाक्य बोलले : "हळू चालव, काच हाये."

घर नीटनेटकं होतं. पुढे ओटा, ओट्याला लागून आजींची खोली, मागे बैठक आणि स्वयंपाकघर. ओट्याखाली पाण्याची टाकी होती. लोहाऱ्याला नळ तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, म्हणून घर बांधायच्या आधी सगळे टाकी बांधायचे. गुरुजींनी टाकीचं झाकण उचलून आम्हाला पाणी दाखवलं. काठोकाठ भरलेलं, निवळ.

"मी स्वतः उभा राहून बांधून घेतली," ते म्हणाले. "एक थेंब वाया जात नाही."

आजी ओट्यावर बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या. हातात अजून हस्तिदंती रंगाच्या रुंद बांगड्या, बलोती, अंगावर आरसे लावलेली जुनी चोळी, कांचळी. आम्हाला पाहून त्या गोर बोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, काहीतरी बोलल्या. मला त्यातला 'पाणी' हा एकच शब्द कळला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"तेच. तांड्याचं पाणी चांगलं होतं, तिकडे जायचं म्हणते," गुरुजी म्हणाले.

मी पाच बशा ठेवल्या. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक आजींच्या खोलीत आणि एक बाहेर अंगणात, कारण बाहेरच्या हवेत किती आहे ते कळल्याशिवाय आतल्या हवेला दोष देता येत नाही. पाचवी गुरुजींच्या पत्नीच्या आग्रहाखातर ट्रंकेत. त्यांनी पदर नाकाला लावूनच ट्रंक उघडली. आत फेटिया म्हणजे घेरदार घागरे, ओढण्या, कवड्यांचा एक पट्टा, आणि घड्यांमध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला.

मग माझी नजर आजींच्या खिडकीतल्या कूलरकडे गेली. उन्हाळा संपून चार महिने झाले होते तरी तो तिथेच. पाठीमागची जाळी काढली, तर आतलं गवत काळं-हिरवं होऊन कुजलेलं आणि तळाशी बोटभर पाणी. मला इतका आनंद झाला की बशा उगवायची वाट बघायचंही मला सुचलं नाही. मी गुरुजींना हाक मारून म्हटलं, "हे बघा कारण."

बाबा त्या वेळी खोलीच्या भिंतीजवळ उभे होते. तळहात भिंतीला लावून. म्हणाले, "थांब जरा, पोरी. भिंत अजून पाह्यली नाई."

मी थांबले नाही. गुरुजींनी त्याच दिवशी कूलर बाहेर काढला, गवत जाळलं. चार दिवसांनी बशा पाहिल्या. आजींच्या खोलीतली ठिपक्यांनी गच्च भरलेली, बाहेरच्या बशीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे वास खरा होता. आणि ट्रंकेतली बशी जवळजवळ स्वच्छ. दोनच ठिपके, तेही एवढे-एवढेसे. सगळ्या घरात सर्वांत निरोगी हवा त्या ट्रंकेत होती.

बशा मी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या होत्या. आई म्हणाली, "आपल्या घरात बुरशी कमी पडली का, म्हणून लोहाऱ्यातून आणता?" पण तिनेही चष्मा लावून प्रत्येक बशी निरखून पाहिली.

मी गुरुजींना निकाल कळवला आणि विषय संपला असं धरलं. आठवड्याने कॉलेजात फोन आला. गुरुजींचा आवाज उतरलेला होता.

"बाई, वास परत आला आहे. आईने काल पुन्हा खाट बाहेर नेली."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. माझं चुकलंय असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "कापसाच्या गाडीत वरचा थर पाहून कधी प्रत सांगू नये. हात कोपरापर्यंत गेला पाह्यजे. चाल उद्या."

दुसऱ्या खेपेला आम्ही आजींच्या खोलीतलं लाकडी कपाट सरकवलं. मागे भिंतीवर काळा डाग, जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत, काठाला मखमलीसारखा. हात लावला तर भिंत गार. मी प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले होते. म्हणजे ओल खोलीतल्या हवेची नव्हती, भिंतीतूनच बाहेर येत होती. पाऊस थांबून महिना झाला होता. नळाचा पाइप त्या बाजूला नव्हता. मग भिंत पाणी कुठून पीत होती?

"हे असं एका दिवसात समजत नाई," बाबा म्हणाले. "रोज पाहा लागते."

मला कॉलेज होतं. म्हणून बाबाच रोज जाऊ लागले. सकाळी ऑटोने लोहाऱ्याला जायचे, तळहात खालून वर भिंतीवर फिरवायचे आणि जिथे ओल संपून कोरडं लागतं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहायचे. गुरुजींच्या पत्नी त्यांना चहा द्यायच्या. सुरुवातीला त्यांना हा प्रकार विचित्र वाटत होता. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमचे बाबा भिंतीची नाडी पाहून राह्यले का?" पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चहाबरोबर चिवडाही येऊ लागला.

आजी तिथेच बसलेल्या असायच्या. गुरुजी सकाळी बाजारात किंवा पेन्शनरांच्या बैठकीला गेलेले. नेरच्या बाजारात तीस वर्षं काढलेल्या बाबांना तांड्यातल्या माणसांशी बोलायची सवय होती, आणि आजींना गोर बोलीखेरीज कामापुरती वऱ्हाडी येत होती. दोघांचं जमलं. कापूस, पऱ्हाटी, आजींचे वडील बैलांवर मीठ लादून कुठकुठे जायचे, असं बोलणं चालायचं. बाबा संध्याकाळी ते सगळं आईला सांगायचे. एका संध्याकाळी आई मला हळूच म्हणाली, "तीन महिन्यांत बोलले नाहीत तेवढे आज बोलले."

पाचव्या दिवशी बाबा परतले ते थेट माझ्या कॉलेजात. बाबा कॉलेजात कधी येत नसत. मी घाबरूनच बाहेर आले.

"काल नळ आलता लोहाऱ्याले," ते म्हणाले. "आज रेघ चार बोटं वर गेली."

"योगायोग असेल."

"मले बी तसंच वाटलं. मंग मी म्हातारीले विचारलं, वास कवा येते म्हणून. ते म्हणे, पाणी येते तवा वास येते. दोन दिवस राह्यते, मंग कमी होते. मी म्हटलं, मंग हे सांगत काहून नाई? तर म्हणे, सांगतलं न. रोज सांगतो. पोरगा आयकत नाई."

मला पहिल्या दिवशीचा 'पाणी' हा शब्द आठवला. आजी तांड्याच्या पाण्याबद्दल बोलत नव्हत्या. ओट्याखालच्या पाण्याबद्दल बोलत होत्या. गुरुजींनी खोटं सांगितलं होतं असं नाही. आईला परत जायचंय हे त्यांनी मनात इतकं पक्कं धरलं होतं की तिच्या प्रत्येक वाक्यात त्यांना तेच ऐकू यायचं. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? त्या घरात तीनदा जाऊन, पाच बशा ठेवून, वास कधी येतो हा साधा प्रश्न मी त्या बाईला विचारला नव्हता.

आता गुरुजींना सांगायचं कसं, हा पेच होता. टाकी हा त्यांचा अभिमान. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते झाकण उचलून दाखवायचे. मी म्हटलं, मी बोलते. बाबा म्हणाले, तू नको, तू एकदा कूलर सांगून बसली. ते खरंच होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. बाबांनी टाकी गळते असं म्हटलंच नाही. त्यांनी गुरुजींना कपाटामागच्या रेघा दाखवल्या, तारखा दाखवल्या आणि म्हणाले, "गुर्जी, एक प्रयोग करू. पुढच्या दोन खेपा नळ आला का टाकी हातभर कमी भरा. बस एवढंच. रेघ मी मारत राह्यतो."

गुरुजींचा चेहरा ताठ झाला. "टाकीचा काय संबंध? आतून सिमेंट घोटून घेतलंय मी."

"संबंध नसन त रेघ वरच जाईन. मंग मी चुकलो."

गुरुजी जन्मभर मुलांना 'करून पाहा' सांगत आले होते. प्रयोगाला नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं. म्हणाले, "ठीक आहे. दोन खेपा."

पहिल्या खेपेला रेघ जागची हलली नाही. दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही गेले होते. बाबांनी तळहात फिरवला आणि पेन्सिल आधीच्या रेघेच्या तीन बोटं खाली टेकवली. गुरुजी चष्मा लावून जमिनीवर उकिडवे बसले. सगळ्या रेघा खालून वर, वरून खाली त्यांनी वाचल्या, एखाद्या मुलाची वही तपासावी तशा. मग उठून ओट्यावर गेले आणि आईशेजारी बसून गोर बोलीत काहीतरी बोलले. आजींनी उत्तर दिलं, दोन-तीनच शब्द, आणि मुलाच्या धोतरावरचा चुना झटकला.

मी गुरुजींच्या पत्नीकडे पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते म्हणाले, याडी, म्हणजे आई, मी ऐकलं नाही. आणि त्या म्हणाल्या, आता ऐकलं ना."

गवंडी आला, टाकी रिकामी केली. पाइप जिथून टाकीत येत होता तिथे, वरून हातभर खाली, भिंतीच्या बाजूने नखाएवढी चीर होती. टाकी काठोकाठ भरली की पाणी त्या चिरेतून आजींच्या भिंतीत जायचं. हातभर कमी भरली की चीर कोरडी राहायची. गुरुजींच्या व्यवस्थितपणामुळेच भिंत ओली होत होती. एखादा आळशी माणूस असता तर टाकी काठोकाठ भरलीच नसती आणि चीर कधी कळलीही नसती. हे बाबा त्यांच्यासमोर म्हणाले आणि गुरुजी हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

चीर बुजवली. भिंतीचा गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत खरवडून काढला आणि विटा उघड्या ठेवल्या, वाळायला. काळा डाग खरवडताना गवंड्याला मी नाकाला ओलं फडकं बांधायला लावलं आणि आजींना तेवढे दिवस बैठकीत झोपायला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात नवा गिलावा आणि चुन्याचे दोन हात दिले. कपाट भिंतीपासून वीतभर दूर. आजींचा खोकला डॉक्टरांच्या औषधाने गेला की भिंत वाळल्याने, ते मी सांगू शकत नाही. गेला एवढं खरं. आणि गुरुजींच्या पत्नी एक दिवस आमच्या घरी आल्या त्या मला विचारायला, की आजींच्या ट्रंकेत जागा आहे, त्यात स्वतःच्या दोन रेशमी साड्या ठेवल्या तर चालतील का. मी म्हटलं, आजींना विचारा. म्हणाल्या, "विचारलं. पाला बदलायचं काम माझ्याकडं दिलं त्यांनी."

पण सांगता सांगता मी थोडी पुढे गेले. तो उन्हाळा यायच्या आधी, संक्रांतीनंतर, आजींनी बाबांना एक काम सांगितलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ तांड्यात राहतो, त्याच्या घरी सगळ्यांना खाज सुटलीय, अंगावर लाल पुटकुळ्या येतात, दवाखान्यात मलम दिलं पण जात नाही. "भाऊ, माह्या भावाचं घर बी पाहा न," त्या म्हणाल्या. मग आम्ही सगळे, आजी, गुरुजी, बाबा आणि मी, घाटंजीच्या एसटीने निघालो. पुढे तांड्यापर्यंत बैलगाडी.

ते घर दोन खोल्यांचं. दार उघडलं आणि समोर कापूस. एका खोलीत आढ्यापर्यंत, दुसरीत छातीपर्यंत. त्या वर्षी भाव पडलेले होते. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून सगळ्या तांड्याने कापूस घरातच ठेवला होता. माणसं पडवीत झोपत होती आणि थंडी वाढली की कापसाच्या ढिगाला टेकून आत. आजींच्या भावाने बाह्या वर करून हात दाखवला. खाजवून खाजवून सोललेला.

बाबा दारात उभे राहिले. कित्येक महिन्यांनी ते कापसासमोर उभे होते. त्यांनी चपला काढल्या, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि हात ढिगात घातला. मनगट, कोपर, दंड. तसेच थोडा वेळ थांबले. मग मूठ बाहेर काढून माझ्यापुढे धरली.

"पाहा. वरचा कोरडा, आतला गरम."

मुठीतला कापूस पिवळट होता, त्याला आंबूस वास होता आणि सरकीभोवती करडी बुरशी धरली होती. बशीची गरजच नव्हती. तरी मी एक बशी ठेवली. पुढे ती कडेपासून कडेपर्यंत भरली.

"वेचला कवा? सकाळीच का?" बाबांनी आजींच्या भावाला विचारलं.

"हो. मजूर सकाळीच येते. उनात थांबत नाई कोनी."

"दव वाळू देत जा. दवातला कापूस अन् वाळलेला कापूस एका ढिगात टाकला, तर एक दुसऱ्याले नासवते. ओला कापूस आतल्या आत तापते. मंग बुरशी, मंग किडे, मंग तुमची खाज."

त्या दिवशी अर्धा तांडा कामाला लागला. ऊन चांगलं होतं. अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला जुनी लुगडी आणि ताडपत्र्या अंथरून कापूस पसरला. बाबांनी मधोमध उभं राहून ढीग वेगळे करायला लावले : हा वाळवून विकायचा, हा वेगळाच ठेवायचा, हा गादीतही भरायचा नाही. परत आत ठेवताना खाली फळ्या टाकायच्या, भिंतीला टेकवायचा नाही, आणि झोपायची जागा एकदम वेगळी. अंथरुणं उन्हात. शेजारची माणसं आपापल्या घरातला कापूस मुठीत घेऊन त्यांच्यापुढे रांग लावू लागली. बाबा मूठ दाबायचे आणि सांगायचे. मी त्यांना बाजारात काम करताना लहानपणी एकदाच पाहिलं होतं, ते मला अंधूक आठवत होतं. आता मी नीट पाहत होते.

दुपारी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. आजी आपल्या माणसांत मोठ्याने बोलत होत्या. गुरुजी दोनदा उठून त्यांना म्हणाले, थोडा वेळ पड. पडल्या नाहीत. मी त्यांना विचारलं, "इथेच राहायचं का आता?"

"नाही," त्या म्हणाल्या. "इथं खाज हाये." आणि सगळे हसले.

भाव त्या वर्षी काही वाढला नाही. पण तो वाळवलेला माल ओलीच्या नावाखाली परत पाठवला गेला नाही, असं पुढे आजींच्या भावाने कळवलं. खाज महिनाभरात कमी झाली.

त्यानंतर लोक आम्हाला बोलवू लागले. लोहाऱ्यातली घरं, यवतमाळातली वसतिगृहं, नेरच्या एका शाळेचं कोठार. कोणाची गच्ची गळत असायची, कोणी न्हाणीघराला खिडकीच ठेवलेली नसायची, कोणी ओले कपडे बारा महिने खोलीत वाळवायचं. बाबा हाताने बघायचे आणि मी बशी ठेवायची. आमचं भांडणही व्हायचं, बहुतेक माझ्या घाईवरून. कुठेही गेलं तरी मी आधी घरात सगळ्यांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला विचारते, वास कधी येतो, कुठे येतो, किती दिवस राहतो. बहुतेक घरांत ती बाईच असते आणि बहुतेक वेळा तिला उत्तर ठाऊक असतं.

पुढे बाबांच्या बोटांची जाणीव कमी होत गेली. मी ओल मोजायचं लहानसं यंत्र विकत घेतलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं आणि आकडा वाचला. मग म्हणाले, "बरोबर सांगते. पण हे काही विचारत नाई कोनाले. ते तू विचारत जा."